रक्ताची साक्ष

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा, रेशीम आणि चंदन यांच्याबरोबर उदबत्तीही आठवते. आता वळणीची यंत्रे आली असली, तरी या शहरातील व आसपासच्या गावांतील कित्येक स्त्रियांनी वर्षानुवर्षे घरबसल्या उदबत्त्या वळून संसाराला हातभार लावला आहे. कोळशाची पूड आणि झाडाच्या सालीची चिकट पूड भिजवून केलेला गोळा पाटावर घ्यायचा व तो बांबूच्या काडीभोवती तळहाताने वळत न्यायचा, हे काम दिसायला सोपे दिसते. पण त्यासाठी बोटे आणि मनगट तासन्‌तास एका लयीत चालावी लागतात. ज्या स्त्रीची बोटे सकाळी उठल्यावर तास-दीड तास मिटतच नाहीत, तिची त्या दिवसाची अर्धी मजुरी तेथेच बुडते.

अशा दोन शेजारणींचे उदाहरण घेऊ. पहिली पंचावन्न वर्षांची. तिचे दोन्ही गुडघे चार-पाच वर्षांपासून दुखतात. जिना चढताना अधिक, बसले की कमी. कोणीतरी सुचवले म्हणून तिने रक्त तपासून घेतले. रिपोर्टवर ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर : पॉझिटिव्ह, ३८’ असे आले आणि घरात चिंता पसरली. दुसरी चौतीस वर्षांची. तीन महिन्यांपासून तिच्या दोन्ही हातांच्या बोटांची मुळे सुजली आहेत, मनगटे दुखतात, सकाळी वेणी घालता येत नाही. तिचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला. ‘वात नाही, अशक्तपणा आहे’ असे म्हणून घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. प्रत्यक्षात आजार दुसरीला आहे, पहिलीला नाही. रक्त खोटे बोलले काय? तसे नव्हे. रक्ताला जे विचारले होते त्याचेच उत्तर त्याने दिले. वाचणाऱ्यांनी मात्र ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर मानले.

सांध्यांच्या दुखण्याला मराठीत सरसकट ‘वात’ म्हणतात. कन्नडमध्येही ‘कीलु नोवु’, म्हणजे सांधेदुखी, या एका शब्दात पुष्कळ आजार सामावतात. त्यांपैकी दोन आजारांची गल्लत नेहमी होते. एक झिजेचा. वय, वजन आणि वापर यांमुळे गुडघ्यासारख्या सांध्यातील कूर्चा विरळ होत जाते. दुसरा दाहाचा, ज्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात. ‘माधवनिदान’ या प्राचीन वैद्यकग्रंथात वर्णिलेल्या ‘आमवाता’शी त्याचे बरेच साम्य असल्याने मराठीत तेच नाव त्याला अनेकदा दिले जाते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू शेजारचे हाड व कूर्चा पोखरू लागते. बहुधा दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी धरतात. बोटांच्या टोकाकडचे सांधे मात्र सहसा सुटतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि तो सुरू होतो तो बव्हंशी कामाच्या, मुले वाढवण्याच्या वयात. हाडाची हानी पुष्कळांमध्ये पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. म्हणूनच निदान सहा महिने लांबले तर त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागू शकते.

या दाहाच्या खुणा रक्तात उमटतात. त्या खुणांना वैद्यकात ‘मार्कर’ म्हणतात. पाऊलखुणेवरून प्राणी कोणता हे ओळखावे, तसे या खुणांवरून आत काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. पण काही खुणा अनेक प्राण्यांच्या सारख्याच असतात, हे विसरून चालत नाही.

सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त खूण म्हणजे ईएसआर. न गोठणारे रक्त एका उभ्या, बारीक काचनळीत भरून स्थिर ठेवले, तर तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसू लागतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. एका तासात हा द्रव किती मिलिमीटर उंचीचा झाला, तो आकडा म्हणजे ईएसआर. पोलंडमधील एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये या घटनेकडे लक्ष वेधले होते. पुढे १९१८ मध्ये स्वीडनचे रॉबिन फॉरेयस यांना गर्भवती स्त्रियांचे रक्त अधिक वेगाने खाली बसते असे दिसले, आणि ही गर्भधारणेची चाचणी ठरेल अशी आशा त्यांना वाटली. लवकरच लक्षात आले की अनेक आजारांतही असेच घडते. त्यांचेच देशबंधू आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये क्षयरोग्यांसाठी जी पद्धत बसवली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

वेग का वाढतो? दाह असताना रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिने वाढतात. त्यांच्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, आणि सुट्या नाण्यापेक्षा चळत लवकर तळ गाठते. परंतु हीच गोष्ट गरोदरपणात होते, जंतुसंसर्गात होते आणि रक्तक्षयातही वेग वाढतो. वयाप्रमाणे तर तो आपोआप वाढत जातो. स्थूलमानाने पुरुषाच्या वयाचे निम्मे आणि स्त्रीच्या वयात दहा मिळवून त्याचे निम्मे, इतका ईएसआर निरोगी मानावा असा एक ठोकताळा आहे. त्या हिशोबाने आपल्या पहिल्या शेजारणीचा २४ हा आकडा निर्दोष ठरतो, कारण तिची मर्यादा ३२ च्या आसपास येते. दुसरीची मर्यादा २२ आणि तिचा ईएसआर आहे ६२.

दुसरी खूण सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या आवरणातील ‘सी’ नावाच्या पदार्थाशी संयोग पावणारे एक प्रथिन त्यांना १९३० मध्ये आढळले. म्हणून त्याचे नाव ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’. ते यकृतात तयार होते. शरीरात कोठेही दाह पेटला की तेथील पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेश रक्तात सोडतात, आणि यकृत काही तासांत सीआरपी बनवू लागते. साधारण दोन दिवसांत ते कळसाला पोहोचते. दाह शमला की तितक्याच चपळाईने उतरते, कारण रक्तातील निम्मे सीआरपी एकोणीस तासांच्या आसपास नाहीसे होते. ईएसआर मात्र खाली यायला आठवडे घेतो. त्यामुळे नवे औषध लागू पडत आहे की नाही, हे सीआरपी आधी सांगते.

या तपासणीत एक छोटासा सापळा आहे. काही प्रयोगशाळा सीआरपीचा आकडा एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही शंभर मिलिलिटरमागे. पहिल्या पद्धतीत ३१ असणारा आकडा दुसऱ्या पद्धतीत ३.१ होतो. एका लॅबचा जुना रिपोर्ट आणि दुसऱ्या लॅबचा नवा रिपोर्ट शेजारी ठेवून ‘सीआरपी दहा पटींनी उतरले’ असा आनंद मानणारे रोगी थोडे नाहीत. आकड्यापुढील एकक आणि कंसातील सामान्य मर्यादा वाचल्याशिवाय आकडा वाचू नये.

ईएसआर आणि सीआरपी आग लागली आहे एवढेच सांगतात. कोणाच्या घराला लागली ते सांगत नाहीत. त्यासाठी प्रतिपिंडांकडे वळावे लागते, आणि येथेच सर्वाधिक गैरसमज आहेत.

प्रतिपिंडे म्हणजे जंतूंना ओळखून जखडणारी प्रथिने. नॉर्वेतील डॉक्टर एरिक वालर यांनी मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या प्रतिपिंडांचा लेप दिला, आणि त्यात संधिवाताच्या रोग्याचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारे पिवळसर पाणी, मिसळले. पेशींच्या गुठळ्या झाल्या. त्या रोग्याच्या रक्तात असे काहीतरी होते की जे प्रतिपिंडांनाच शत्रू समजून त्यांना चिकटत होते. प्रतिपिंडाविरुद्धचे हे प्रतिपिंड म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर. वालर यांचा निबंध १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नॉर्वे युद्धात ओढला गेला, आणि या शोधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. न्यूयॉर्कमध्ये हॅरी रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये तीच गोष्ट पुन्हा दाखवली. म्हणून या चाचणीला दोघांची नावे जोडली गेली. मेंढीच्या पेशींऐवजी लेटेक्सचे सूक्ष्म कण वापरण्याची युक्ती जॅक सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ यांनी १९५६ मध्ये काढली आणि चाचणी सोपी झाली. आपल्याकडे गावोगावच्या लॅबमध्ये ती ‘आर.ए. टेस्ट’ म्हणून पोहोचली. सोपी झाली म्हणून ती कोणाचीही, कशासाठीही केली जाऊ लागली.

ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे सत्तर ते ऐंशी जणांत हा फॅक्टर सापडतो. उरलेल्या वीस-तीस जणांना आजार असूनही चाचणी ‘निगेटिव्ह’ येते. उलट बाजूने, निरोगी माणसांतही शंभरात चार-पाच जणांत तो आढळतो, आणि उतारवयात हे प्रमाण वाढते. क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या आतील जंतुसंसर्ग, ‘क’ प्रकारची कावीळ अशा दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या आजारांतही तो दिसू शकतो. क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या आपल्या देशात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता थोडे गणित करावे लागेल. पुणे जिल्ह्यातील भिगवण हे उजनी धरणाच्या जलाशयाकाठचे गाव. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या गावात घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत राबवलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसे तपासली गेली. शंभरात सुमारे अठरा जणांना हाडे, सांधे किंवा स्नायू यांचे काही ना काही दुखणे होते. पण ऱ्हुमॅटॉइड संधिवात होता तो हजारी सुमारे पाच जणांना. दुखणे पुष्कळांना आणि हा विशिष्ट आजार थोड्यांना, असे हे चित्र आहे.

समजा, अशा एखाद्या गावातील एक हजार प्रौढांची सरसकट आर.ए. टेस्ट केली. आजार असलेल्या पाचांपैकी चार ‘पॉझिटिव्ह’ येतील. आजार नसलेले ९९५ उरतात. त्यांच्यातील शंभरी पाच, म्हणजे सुमारे पन्नास जणही ‘पॉझिटिव्ह’ येतील. एकूण चोपन्न रिपोर्टांवर तोच शब्द छापला जाईल, आणि त्यांतील अवघे चार खरे रोगी असतील! चाचणीत दोष नाही. ती नको त्या पन्नास जणांवर केली गेली, एवढेच. आता दुसरी कल्पना करावी. हजार जणांऐवजी, ज्यांचे हातांचे लहान सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले आहेत अशांचीच चाचणी केली. त्यांच्यात खरे रोगी पुष्कळ असल्यामुळे तोच ‘पॉझिटिव्ह’ शब्द कितीतरी अधिक भरवशाचा होतो. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी हात पाहतात, बोटांच्या मुळांशी आडवा दाब देऊन कळ येते का ते विचारतात, आणि मग रक्त मागवतात.

ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरची ही उणीव ज्या चाचणीने बऱ्याच अंशी भरून काढली, तिचा संबंध चक्क कलिंगडाशी लागतो. कलिंगडाचे शास्त्रीय नाव ‘सिट्रुलस’. त्याच्या रसातून जपानी शास्त्रज्ञांनी वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला त्यावरून ‘सिट्रुलीन’ हे नाव पडले. आपल्या प्रथिनांतील आर्जिनीन नावाचा घटक काही प्रसंगी बदलून सिट्रुलीन बनतो. धूम्रपानाने फुप्फुसांत आणि जुनाट हिरड्यांच्या आजारात तोंडात हा बदल अधिक होतो, असे दिसून आले आहे. वारशाने तशी प्रवृत्ती असलेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा या बदललेल्या प्रथिनांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. अशा प्रतिपिंडांची चाहूल नेदरलँड्समध्ये १९६४ मध्येच लागली होती. परंतु ती नेमकी कशावर रोखलेली आहेत हे १९९८ मध्ये तेथीलच संशोधकांनी उलगडले, आणि त्यातून ‘अँटी-सीसीपी’ ही चाचणी जन्मली. कलिंगड खाण्याचा या आजाराशी काहीही संबंध नाही. पथ्याच्या याद्यांत त्याला जागा देण्याचे कारण नाही.

ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आजार असण्याची शक्यता पुष्कळच बळावते, कारण आजार नसलेल्या शंभरांपैकी पंच्याण्णवांत ती निगेटिव्ह येते. तरीही खऱ्या रोग्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रोगी तिच्याही हातून निसटतात. आमस्टरडॅमच्या रक्तपेढीत जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरून २००४ मध्ये एक विलक्षण गोष्ट पुढे आली. ज्या रक्तदात्यांना पुढे हा आजार झाला, अशा ७९ जणांचे पूर्वीचे रक्त तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, दुखणे सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासूनच होते. पहिली बोटे सुजण्यापूर्वीच प्रतिकारयंत्रणेत बिघाड सुरू झालेला असतो, हे त्यातून दिसले.

मग या सर्व खुणांचे वजन किती धरावे? अमेरिका आणि युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये मिळून एक गुणपत्रिका तयार केली. ती मूळची संशोधनासाठी आहे, परंतु विचार कसा करावा हे तिच्यातून स्पष्ट होते. एकूण गुण दहा. सांधे किती व कोणते धरले आहेत यासाठी जास्तीत जास्त पाच. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी यांसाठी मिळून जास्तीत जास्त तीन. ईएसआर किंवा सीआरपी वाढले असल्यास एक. आणि सहा आठवडे उलटले असल्यास एक. सहा गुण झाले की ऱ्हुमॅटॉइड संधिवात मानायचा. शिवाय निदान एका सांध्याला खरीखुरी सूज हवी आणि ती सूज दुसऱ्या एखाद्या आजाराने अधिक चांगली समजावता येत नसावी. रक्ताच्या वाट्याला दहापैकी चारच गुण आले आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. केवळ रक्ताच्या बळावर कोणीही ‘पास’ होऊ शकत नाही.

आपल्या शेजारणींना ही पत्रिका लावून पाहू. पहिलीचे दोन मोठे सांधे दुखतात : एक गुण. फॅक्टर २० च्या मर्यादेपलीकडे, पण तिपटीच्या आत : दोन गुण. मुदत उलटली : एक गुण. ईएसआर आणि सीआरपी ठीक : शून्य. बेरीज चार, आणि मुळात तिच्या गुडघ्यांना दाहाची सूज नाहीच. दुसरीचे दोन्ही हातांचे मिळून बारा सांधे धरले आहेत : पाच गुण. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह : शून्य. ईएसआर ६२, सीआरपी ३१ : एक गुण. तीन महिने झाले : एक गुण. बेरीज सात. हे गुण सांधे तपासल्याशिवाय देताच येत नाहीत, आणि तिच्या घरच्यांनी केवळ एक छापील शब्द वाचला होता.

दुसरीच्या रिपोर्टात आणखी एक आकडा आहे, ज्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही : हिमोग्लोबिन ९.४. ‘अशक्तपणा’ हे घरच्यांचे अनुमान तेवढ्यापुरते खरे होते. परंतु हा अशक्तपणा आला कोठून? दाह दीर्घकाळ चालू राहिला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक बनवते. ते शरीरातील लोहाला जणू कोठारात कुलूपबंद करते. लोह असते, पण नव्या तांबड्या पेशी घडवण्यासाठी हाती लागत नाही. अशा वेळी लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन फारसे चढत नाही. आपल्याकडील स्त्रियांत खरोखरीची लोहाची कमतरताही सर्रास असते, आणि दोन्ही कारणे एकाच वेळी असू शकतात. साठ्याचे लोह दाखवणारी फेरिटिन ही तपासणीही दाहात फुगून येते व कमतरता झाकून टाकते. म्हणून संधिवाताच्या रोग्याचा रक्तक्षय हा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे उलगडण्याचा विषय ठरतो.

निदान झाले की रक्ततपासणीचा हेतू बदलतो. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दर महिन्याला पुन्हा करण्याची गरज नसते; तो खर्च वाचवावा. त्यांचा आकडा मोठा असेल तर आजार अधिक चिवट असण्याचा संभव असतो, एवढे त्यांनी एकदा सांगितले की पुरे. प्रगती मोजण्यासाठी सीआरपी किंवा ईएसआर यांची जोड अठ्ठावीस सांध्यांच्या तपासणीला आणि रोग्याला स्वतःला कसे वाटते या प्रश्नाच्या उत्तराला दिली जाते.

आणि औषधांवर नजर ठेवण्यासाठीही रक्तच लागते. या आजारात बहुधा प्रथम दिले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते ज्या औषधकुळातील आहे, त्याच्या निर्मितीमागे आंध्रात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्या संशोधक गटाचे परिश्रम आहेत. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ‘रोज एक’ या सवयीने ते रोज घेतले गेल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवणे उत्तम. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड देतात. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना ते चालत नाही. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशींची संख्या, यकृताची विकरे आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासावे लागते. येथे रिपोर्ट आजाराचा नसून औषधाच्या सुरक्षिततेचा असतो. ‘आता बरे वाटते, तपासणी कशाला’ हा विचार म्हणूनच धोक्याचा.

काही औषधे खुणाच पुसून टाकतात. स्टेरॉइडने सीआरपी झपाट्याने उतरते. नाव-गाव नसलेल्या पुड्यांतून नकळत स्टेरॉइड पोटात गेले, तर रिपोर्ट सुंदर दिसतो आणि हाडे आतून ठिसूळ होत राहतात. इंटरल्यूकिन-६ चा संदेश अडवणारी नवी इंजेक्शने घेणाऱ्या रोग्यात तर यकृताला निरोपच पोहोचत नाही. त्यामुळे जोराचा जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी शांतच राहू शकते. अशा रोग्याला ताप आल्यास आकड्यावर विसंबून चालत नाही.

म्हैसूरमध्ये या विषयावर प्रयोगशाळांतही काम झाले आहे. म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये चिंचोक्याच्या अर्काविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. उंदरांच्या सांध्यांत कृत्रिम रीतीने दाह निर्माण करून त्यांना हा अर्क दिला असता इंटरल्यूकिन-६ सारखे दाहाचे संदेश आणि हाड-कूर्चा पोखरणारी विकरे कमी झाल्याचे त्यांना आढळले. हे काम मोलाचे आहे. पण ते उंदरांवरचे आहे. बाजारातून चिंचोके आणून त्यांची पूड मेथोट्रेक्सेटऐवजी घ्यावी असा त्याचा अर्थ नाही, आणि संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही.

पहिल्या शेजारणीला डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, वजन थोडे उतरवायला सांगितले आणि तिचा रिपोर्ट घडी घालून परत दिला. दुसरीने दर रविवारी गोळी घ्यायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी तिचे सीआरपी ३१ वरून ६ वर आले, ईएसआर सावकाश ४० पर्यंत उतरला, हिमोग्लोबिन १०.३ झाले. बोटे सकाळी वीस मिनिटांत मोकळी होऊ लागली आणि ती पुन्हा पाटावर बसली. नव्या रिपोर्टाच्या तळाशी, कोणीतरी सवयीने पुन्हा करवून घेतलेल्या आर.ए. टेस्टपुढे, पूर्वीचाच शब्द छापलेला होता : निगेटिव्ह.